'करमत नाही'ला इंग्रजीत काय म्हणतात?

अमेरिकेत आल्यावर मन ठिकाणावर नसेल तेव्हा वापरायला एक शब्द पाठ केला की काम भागतं: 'अपसेट'. मूल रडलं, अपसेट. शेजारणीशी वाजलं, अपसेट. साहेब ओरडला, विमान चुकलं, मैत्रिणीनं वाढदिवसाला बोलावलं नाही, सगळ्याला अपसेट. शब्द सोयीचा आहे, मीही दिवसातून चारदा वापरते. पण त्यातून समोरच्याला एवढंच कळतं की काहीतरी बिनसलंय. आता त्यानं जवळ यायचं की लांब राहायचं, माफी मागायची की गुपचूप चहा टाकायचा, हे त्या शब्दात नसतं. आपल्या मराठीत ते पुष्कळदा असतं. आणि गंमत म्हणजे स्पॅनिशमध्येही असतं, हे मला गेल्या तीन वर्षांत कळलं.

माझा आणि स्पॅनिशचा संबंध योगायोगाचा. एम.ए. मराठी करून मी साताऱ्याला ज्युनिअर कॉलेजात पाच वर्षं शिकवत होते. इथे आले ती एच-४ व्हिसावर, त्यामुळे नोकरीचा प्रश्नच नव्हता. धाकटी प्री-स्कूलला जायला लागली, तेव्हा आमच्या गावच्या लायब्ररीत एक पाटी वाचली. इंग्रजी शिकायला येणाऱ्या मोठ्या माणसांच्या वर्गासाठी स्वयंसेवक हवे होते. आम्ही राहतो डॅलसच्या उत्तरेला. टेक्सास १८३६ पर्यंत मेक्सिकोचाच भाग होता, तेव्हा इथे स्पॅनिशला परकी भाषा म्हणणं जरा धाडसाचंच. माझ्या वर्गात दहा-बारा बायका, बहुतेक मेक्सिकोच्या, दोघी होंडुरासच्या. त्या मला 'माएस्त्रा' म्हणतात, म्हणजे बाई. साताऱ्यानंतर पुन्हा कुणीतरी आपल्याला बाई म्हणतंय, याचं सुख शिक्षिकेलाच कळेल.

आमच्या पुस्तकात एक धडा भावनांचा आहे. आठ गोल चेहरे आणि खाली आठ शब्द: हॅपी, सॅड, अँग्री वगैरे. धडा वीस मिनिटांत संपेल असा माझा अंदाज होता. तो तीन मंगळवार चालला. कारण चेहरे आठ आणि बायकांकडे शब्द चाळीस!

पहिला शब्द निघाला 'सेंतीदा'. एक बाई म्हणाली, "माएस्त्रा, माझी नणंद माझ्यावर सेंतीदा आहे. हे इंग्रजीत कसं म्हणायचं?" मी विचारलं, म्हणजे रागावली आहे का? नाही. दुःखी आहे का? तसंही नाही. मग काय झालं? झालं असं, की हिनं बाळाच्या बाप्तिस्म्याच्या जेवणाचं सगळ्यांना फोन करून सांगितलं आणि नणंदेला मात्र निरोप दिला भावाकडून. तेव्हापासून नणंद फोन उचलत नाही. पण हिच्या मुलाला शाळेतून आणायला मात्र रोज वेळेवर जाते.

मी मनात म्हटलं, अगं बाई, ही तर रुसली आहे!

रुसायला हक्क लागतो. आपण बँकेवर रुसत नाही, ट्रॅफिक पोलिसावर रुसत नाही. जिथे प्रेमाची खात्री आहे तिथेच रुसता येतं, आणि रुसणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की कुणीतरी समजूत काढायला येणार आहे. आपल्या पंढरपूरची कथाच रुसव्यानं सुरू होते. रुक्मिणी रुसून दिंडीरवनात येऊन बसली, तिला शोधत देव आले आणि मग पुंडलिकाच्या विटेवर उभे राहिले. तिथे आजही रखुमाईचं देऊळ वेगळं आहे. इंग्रजीत रुसण्याला 'सल्क' म्हणतात, पण तो शब्द बाहेरून नावं ठेवणारा आहे. 'आय अ‍ॅम सल्किंग' असं स्वतःविषयी प्रेमानं कोण म्हणेल? 'हर्ट' म्हणावं तर जखम कळते, हक्क कळत नाही.

दुसरा शब्द 'कोराहे'. तो दिसतो इंग्रजी 'करेज'सारखा, आणि त्याचा एक अर्थ धैर्य असाही आहे. पण मेक्सिकोतल्या घरांत तो शब्द येतो तो संतापासाठी, आणि तो संताप अंगाला बाधतो अशी तिथे समजूत आहे. फार कोराहे झाला की 'बिलिस' सांडते म्हणतात. बिलिस म्हणजे पित्त. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडेही संतापलं की पित्त खवळतं, तेव्हा वर्गात नुसता कल्ला झाला. दोन खंडांतल्या आज्या एकमेकींना न भेटता एकच गोष्ट सांगत होत्या. मग कळलं की एकदम दचकलं, घाबरलं की तिथे पावाचा तुकडा खायला देतात. मी आपल्याकडचं पाण्याचा घोट देणं आणि मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढणं सांगितलं. शब्द भाषेचा असला तरी त्याच्या पाठीमागे घरातलं कुणीतरी माणूस उठून काहीतरी आणायला गेलेलं असतं, हे मला त्या दिवशी दिसलं.

व्याकरणातही एक मौज आहे. मराठीत मला राग येतो. राग कर्ता, मी आपली चतुर्थीत बसलेली. कंटाळा येतो, वैताग येतो, रडू येतं. स्पॅनिशमध्येही 'मे दा कोराहे' म्हणतात, शब्दशः 'मला कोराहे देतं'. आळसाचंही तसंच, 'मे दा फ्लोहेरा'. इंग्रजीत मात्र 'आय अ‍ॅम अँग्री', म्हणजे मी आणि राग एकच. स्पॅनिशलाही 'मी रागावलेली आहे' म्हणता येतं, पण तिथे 'असणं' दाखवायला दोन क्रियापदं आहेत. सध्यापुरतं असेल तर एक आणि स्वभावातच असेल तर दुसरं. आज चिडलेला मुलगा वेगळा आणि चिडका मुलगा वेगळा. एम.ए.ला शिकलेलं नाट्यशास्त्र अशा वेळी आठवतं. भरतानं स्थायी भाव ८ सांगितले आणि संचारी भाव ३३. ग्लानी, असूया, दैन्य, विषाद, अपमान सहन न होणारा अमर्ष, हे सगळे संचारी. संचारी म्हणजे येणारे-जाणारे. राग 'येतो' म्हणणाऱ्या भाषेला तो जाणार हेही ठाऊक असतं.

पण हे सगळं कौतुक वर्गापुरतं राहिलं असतं, तर मी हा लेख लिहिला नसता. एका मंगळवारी एक बाई प्री-स्कूलमधून आलेली चिठ्ठी घेऊन आली. मुलगा तीन वर्षांचा. तो इतर मुलांना ढकलतो, जेवत नाही, झोपायच्या वेळी किंचाळतो, 'अ‍ॅग्रेसिव्ह' वागतो, असं लिहिलं होतं. आईनं पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "माएस्त्रा, तो चीपिल आहे." ती सहा महिन्यांची गरोदर होती. वर्गातल्या सगळ्या बायकांनी एकदम 'हां' केलं. चीपिल हा मेक्सिकोतल्या जुन्या नाहुआट्ल भाषेतून आलेला शब्द. आईच्या पोटात दुसरं बाळ आलं की आधीचं मूल हट्टी, रडकं, किरकिरं होतं. त्याला कुणी न सांगताही आपली जागा जाणार हे कळतं, असं मानतात. तशा मुलाला चीपिल म्हणतात. चीपिल मुलाला कुणी रागावत नाही, कडेवर घेतात.

आता याला इंग्रजीत काय म्हणायचं? 'जेलस' म्हटलं तर पोर अजून न जन्मलेल्या भावंडाचा मत्सरी ठरतो. 'क्रँकी' म्हटलं तर कारण नाहीसं होतं. 'अपसेट' तर चिठ्ठीत होताच. मग मी शब्द शोधायचा सोडला. मराठी शिकवताना मोल्सवर्थचा कोश हाताशी असायचा. १८३१ सालचा तो मराठी-इंग्रजी कोश, दुसरी आवृत्ती १८५७ची. त्यात कितीतरी मराठी शब्दांपुढे एक इंग्रजी शब्द न ठेवता अर्थ सविस्तर उलगडून सांगितलेला आहे. आना व्हेर्झबिट्स्का या मूळच्या पोलंडच्या आणि ऑस्ट्रेलियात काम केलेल्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ साली भावनांच्या शब्दांवर आख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचंही सांगणं असंच आहे की इंग्रजीतले शब्द ही जगातल्या भावना मोजायची पट्टी नव्हे. भावना सांगायची तर अगदी साध्या, लहान शब्दांत सांगावी.

तसंच केलं. फळ्यावर आम्ही तीन वाक्यं लिहिली. माझ्या पोटात बाळ आहे. माझ्या मुलाला वाटतंय की आई आता आपली राहणार नाही. झोपायच्या वेळी कुणी त्याला पाच मिनिटं जवळ धरलं तर तो शांत होईल. सगळ्या वर्गानं ती वाक्यं इंग्रजीत घोकली आणि तिनं ती कागदावर उतरवून नेली. पुढच्या आठवड्यात तिनं सांगितलं, झोपायच्या वेळी आता एक मदतनीस बाई त्याच्या पाठीवर हात ठेवून बसते. ढकलाढकली एकदम थांबली नाही, पण दुसरी चिठ्ठी आली नाही.

तेव्हापासून मी भाषांतराचा एकच नियम धरला आहे. ही अवस्था कशी आहे हे सांगता आलं तर उत्तमच, पण आता कुणी काय करायला हवं हे आधी सांगायचं.

याच सुमारास आमच्याकडे आई आल्या होत्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. सहा महिन्यांसाठी. पहिला महिना नव्या नवलाईचा गेला. नंतर त्यांचं जेवण कमी झालं, गुडघे दुखायला लागले, रात्री दोन वाजता उठून खिडकीशी बसायला लागल्या. नवऱ्यानं दवाखान्यात नेलं, बरोबर आमची अकरा वर्षांची मोठी. नवरा काउंटरवर इन्शुरन्सचे कागद भरत असताना नर्सनं आत बोलावलं आणि आजीची दुभाषी झाली नात. काय होतंय विचारल्यावर आजी म्हणाली, "काही नाही गं, करमत नाही." नातीनं तत्परतेनं सांगितलं, "शी इज बोअर्ड."

पोरीनं इमानदारीनं केलं होतं. आपल्या करमणूक या शब्दाचं मूळही करमणं हेच ना! दवाखान्यातून सल्ला आला तोही त्या शब्दाला शोभेलसा: कोडी सोडवा, टीव्हीवर आपल्या भाषेतले कार्यक्रम बघा, सीनियर सेंटरला जा. घरी टीव्हीवर आधीच चार मराठी मालिका चालू होत्या.

करमत नाही म्हणजे कंटाळा नव्हे. कंटाळलेल्या माणसाला काहीतरी काम दिलं की भागतं. करमत नसलेल्या माणसाला कशातही बसवलं तरी त्याचं मन तिथे बसत नाही. 'होमसिक' जवळचा शब्द आहे, पण पुरता नाही. लेक सासरी गेली की आईला स्वतःच्याच घरात करमत नाही. घर तेच असतं, माणूस नसतं.

हे मी वर्गात सांगितलं, तर नेहमी मागच्या बाकावर बसणारी साठीची एक आजी पहिल्यांदाच स्वतःहून बोलली: "नो मे आयो." शब्दशः, 'मी मला सापडत नाही'. एखाद्या ठिकाणी मन रमत नाही, जीव लागत नाही, तेव्हा मेक्सिकोत असं म्हणतात. ती मुलाकडे येऊन चार वर्षं झाली होती. हा शब्द तिनं डॉक्टरांना कधी सांगितला होता का, असं मी विचारलं. ती म्हणाली, डॉक्टर गुडघ्याचं विचारतात, मी गुडघ्याचं सांगते.

पुढच्या भेटीला मी दवाखान्याला आधी फोन करून मराठी दुभाषी मागितला. आपल्यातल्या पुष्कळांना हे माहीत नसतं म्हणून लिहिते. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या इस्पितळांनी आणि दवाखान्यांनी, ज्याला इंग्रजी पुरेसं येत नाही अशा माणसाला दुभाषी विनामूल्य द्यायचा असतो. २०१०च्या आरोग्य कायद्याच्या १५५७व्या कलमात ते येतं. अगदी तातडीची वेळ सोडली तर लहान मुलांना दुभाषी करायचं नसतं. मराठी दुभाषी बहुतेक वेळा फोनवर मिळतो. घरात आम्ही दोघं इंग्रजी बोलणारी असताना दुभाषी कशाला, असं नवऱ्यानं विचारलं. मी म्हटलं, सुनेच्या तोंडावर कुठली सासू सांगेल की तुझ्या घरी मला करमत नाही? मुलासमोर तर मुळीच नाही. आम्ही दोघं बाहेर बसलो.

आत काय झालं ते आईंनी गाडीत आपणहून सांगितलं. त्यांना ९ प्रश्नांचा कागद वाचून दाखवला होता. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह कसा होता, प्रत्येकाला ० ते ३ गुण. इथे नैराश्याची चाचपणी करायला तो सर्रास वापरतात. आवडीच्या गोष्टीत मन लागतं का, या प्रश्नावर आई म्हणाल्या, आवडीच्या गोष्टी इथे आहेतच कुठे? पहाटेची परडीभर फुलं, दुपारच्या ओट्यावरच्या गप्पा, गुरुवारचं भजन. फोनवरच्या बाई बोलण्यावरून सोलापूरकडच्या वाटत होत्या म्हणे. त्यांनी विचारलं, "काकू, माणसांवाचून करमत नाही, का कशातच जीव लागत नाही?" आई म्हणाल्या, "तिथं असते तर लागला असता की!" मग डॉक्टरांनी विचारलं, काय केलं तर बरं वाटेल? आई म्हणाल्या, "दुपारी कुणीतरी बोलायला हवं. कामात नसलेलं."

हा एकच प्रश्न मोलाचा होता. डॉक्टरांनी गुडघ्याची तपासणी केली, झोपेचं लिहून घेतलं, महिन्यानं पुन्हा बोलावलं. आणि आम्ही दुपारचं माणूस शोधायला लागलो. मंडळातल्या तीन घरांत आई-वडील आलेले होते, तिघंही आपापल्या घरात टीव्हीसमोर एकेकटे! मंगळवार-शुक्रवार गाड्यांची पाळी लावली. एका दुपारी चकल्या, एका दुपारी नुसता चहा. आई रात्री खिडकीशी बसायच्या थांबल्या. जेवण पूर्वीइतकं झालं नाही, पण मीठ कमी पडलंय असं सांगायला लागल्या, तेव्हा मला हायसं वाटलं.

याचा अर्थ प्रत्येक 'करमत नाही'वर गप्पा हेच औषध आहे, असं मुळीच नाही. आईंनी त्या बाईंना उलट उत्तर दिलं असतं, कशातच जीव लागत नाही म्हणाल्या असत्या, तर गोष्ट वेगळी होती. तिथे डॉक्टर आणि उपचारच हवेत. तिथे आपली भाषाही थोडी अपुरी पडते. 'नैराश्य' हा शब्द पुस्तकी, स्वयंपाकघरात कुणी उच्चारत नाही. मग आपण 'टेन्शन आलंय' म्हणतो, 'मूड ऑफ आहे' म्हणतो, आणि आजार त्या शब्दांखाली झाकला जातो. अशा वेळी इंग्रजीतला 'डिप्रेशन' सरळ वापरावा. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तकात १९९४पासून 'आताके दे नेर्व्हियोस' हा स्पॅनिश भाषकांचा शब्दप्रयोग आहे. त्यांच्या डॉक्टरांनी आणि अभ्यासकांनी तो मांडला म्हणून तो तिथे गेला. करमत नाही अजून कुठल्या पुस्तकात नाही, तोवर आपणच तो उलगडून सांगायला हवा.

इंग्रजीकडूनही आम्ही काही घेतलं. भुकेनं होणाऱ्या चिडचिडीला 'हँग्री' म्हणतात, २०१८ साली तो शब्द ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात गेला. आमच्या घरी संध्याकाळी पाच वाजता त्याच्याइतका उपयोगी शब्द नाही. आणि 'आय नीड स्पेस'. हे मोठी म्हणाली की आजीला वाटायचं पोरगी रुसली, मग आजी लाडू घेऊन तिच्या मागे मागे. पोरगी आणखी चिडायची. एकीला हवा होता एकांत, दुसरी काढत होती समजूत. दोघींचंही प्रेम खरं, नियम तेवढे वेगळ्या भाषांचे.

शेवटी मुलींनीच फ्रीजवर एक कागद लावला. रुसलं तर समजूत काढायची. वैतागलं तर दहा मिनिटं बोलायचं नाही. हिरमुसलं तर काय ठरलं होतं ते आठवायचं आणि पुन्हा कधी करायचं ते सांगायचं. हँग्रीला आधी केळं. चीपिल हा शब्द धाकटीला इतका आवडला की घरात बाळ येणार नसतानाही ती आठवड्यातून एकदा चीपिल होते आणि कडेवर बसते. आईंनी सांगून एक ओळ घालून घेतली: करमत नसेल तर शेजारी जाऊन बसायचं, काही विचारायचं नाही.

आई ऑगस्टमध्ये साताऱ्याला परतल्या. तिथे फुलं आहेत, ओटा आहे, गुरुवारचं भजन आहे. परवा फोनवर म्हणाल्या, "पोरींवाचून करमत नाही गं." धाकटीनं ताईला विचारलं, आजी काय म्हणाली? मोठीनं भाषांतर काही केलं नाही. फोन माझ्या हातातून घेतला, आजीला डायनिंग टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलं आणि समोर बसून गृहपाठ करायला लागली. तिकडे आई गवार निवडत होत्या. बराच वेळ दोघी काही बोलल्या नाहीत.